इतिवृत्त

वाचनालयाची मासिक सभा, तारामुंबरी,
रविवार, संध्याकाळी पाच.
साडेपाचला सुरू झाली,
कारण खुर्च्या मच्छीमार सोसायटीकडून यायच्या होत्या
आणि आल्या तेव्हा पाठींना खवले चिकटलेले,
सकाळच्या लिलावाचे.

उपस्थिती: एकोणीस.
पैकी चौघे पंख्याखाली बसायला आलेले.
हे लिहायचं नसतं, तरी लिहिते.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.
नंतर सत्कार.
श्री. जगन्नाथ सारंग, वय एकोणनव्वद,
तेहतीस वर्षं तर हाकली या खाडीत,
पूल झाला त्या साली वल्ही टांगली भिंतीला
आणि एक पुस्तक लिहिलं. एकच.
पाचशे प्रती छापल्या होत्या कणकवलीला.
त्यातल्या दोनशे आमच्याच माळ्यावर होत्या,
हे सत्काराच्या वेळी कुणी बोललं नाही.

शाल, श्रीफळ.
नारळ त्यांच्याच परड्यातला निघाला.
त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला
आणि मान डोलावली: पाणी आहे.

अध्यक्ष परुळेकर गुरुजी पंचवीस मिनिटं बोलले,
साहित्य आणि समुद्र या विषयावर.
समुद्र खिडकीतून दिसत होता,
त्याने काही हरकत घेतली नाही.

मग शेवटचं पान वाचायचं ठरलं.
उभी राहिली अकरावीतली मिताली कोयंडे.
आवाज स्वच्छ, पुस्तक माळ्यावरचं.
‘शेवटच्या खेपेला होडीत कोणी नव्हतं.
पलीकडे लागल्यावर मी पाण्याकडे वळून’
आणि थांबली.
पुढच्या शब्दाला कसर लागली होती.
वाटाण्याएवढं भोक.
त्यानंतर ‘म्हणालो’, आणि पूर्णविराम.

दुसरी प्रत आणा, कुणीतरी म्हणालं.
आणली. तिला वाळवी.
तिसरी उघडलीच नाही, वीट झाली होती.

इथून पुढची सभा विषयपत्रिकेत नव्हती.

गुरुजी म्हणाले, तिथं ‘नमस्कार’ असणार.
एवढं मावणार नाही, मिताली म्हणाली.
हुसेन सोलकर, शिंपी, टेप गळ्यातच होती,
पुढे आले, मोजलं: दोन अक्षरं, फार तर अडीच.
‘थांब’, म्हणाली बँकेतली नवी मुलगी,
लातूरहून बदली होऊन आलेली,
अजून खाडीला नदी म्हणते.
‘शिवी असेल,’ मागून दिगंबर,
‘तेहतीस वर्षं राबवून घेतलं त्या पाण्यानं.’
हशा.
मग हशा ओसरला
आणि जो तो आपापल्या कुणाला तरी
शेवटचं काय म्हणालो होतो, ते आठवत बसला.
निदान मी तरी.

चहा घेऊन आली होती कुबलांची शेवंता.
सभासद नाही, वर्गणी नाही.
किटली खाली न ठेवताच म्हणाली,
‘जाताना माणूस काय म्हणता?
येतंय म्हणता.
जातंय म्हणणारो अजून बघूक नाय मी.’

पंख्याचा आवाज ऐकू आला.

सगळे सारंगांकडे वळले.
त्यांना ऐकू कमी येतं, प्रश्न दोनदा सांगावा लागला.
त्यांनी पुस्तक घेतलं,
करंगळी भोकात घातली
आणि ती मागल्या पानातून बाहेर आलेली
बघत राहिले, बराच वेळ.
‘आठवत नाही,’ म्हणाले.
‘पण बरं झालं.
लिहिला तेव्हाच तो शब्द मला खोटा वाटला होता.’

आभार मानले. चहा झाला.
निघताना ते दारात थांबले.
आम्ही सगळे, कप हातात, कान टवकारून,
आता काय म्हणतात.
म्हणाले, ‘चप्पल कुठं गेली माझी?’

रिक्षा पुलावरून पलीकडे गेली.
खाली ओहोटी होती.

वर्गणी जमा: एकशे दहा रुपये.
त्यात दहा शेवंताचे, पावती फाडली आहे.
वरती एक ओळ मोकळी सोडली आहे.
ती पुढच्या सभेत भरावी
की तशीच कायम करावी,
ठराव यायचा आहे.

प्रमिला घाडी,
चिटणीस